सव्वा महिना आणि एकवीस दिवस

आमच्या वर्गांत एक मुलगा शेवटच्या बांकावर बसे. हांक मारली तर ओ देत नसे. श्रुतलेखनांत त्याचे शब्दच्या शब्द गळत. आम्हीं त्यास आळशी ठरविलें आणि अनेकदां त्याचा कान पिळला. त्या कानांस ऐकूंच येत नव्हतें, हें फार उशिरां कळलें. त्याच्या बहिरेपणाचें कारण कोणीं शोधलेंच नाहीं. तें शल्य मनांत आहे, म्हणूनच आज हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

बालपणींच्या बहिरेपणाचें एक मोठें कारण म्हणजे गर्भांत होणारा सायटोमेगलो नांवाच्या विषाणूचा संसर्ग. मातेस बहुधा कांहींच जाणवत नाहीं. संसर्ग झालेल्या दहा बालकांपैकीं सुमारें नऊ जन्मतः निरोगी दिसतात. परंतु त्यांतील कांहींची श्रवणशक्ति पुढें मंदावते. अर्थात् नुसत्या डोळ्यांनीं निर्णय होत नाहीं.

निर्णय होतो तो प्रयोगशाळेंत. बाळाचें मूत्र किंवा लाळ घेऊन पीसीआर पद्धतीनें विषाणूचा शोध घेतात. मातेच्या दुधांतही हा विषाणु असूं शकतो; म्हणून लाळ घ्यावयाची ती अंगावर पाजल्यानंतर निदान एक तासानें, आणि तींत विषाणु आढळल्यास मूत्र तपासून खात्री करावयाची. रक्तांतील आयजीजी हें प्रतिद्रव्य येथें कामाचें नाहीं. तें मातेकडूनच वारेवाटे बाळास मिळालेलें असतें.

मुख्य गोष्ट मुदतीची. ही तपासणी जन्मापासून एकवीस दिवसांच्या आंत व्हावयास हवी. त्यानंतर सांपडलेला विषाणु गर्भांतला कीं मागाहून दुधांतून वा भावंडाच्या लाळेंतून आलेला, हें सांगतां येत नाहीं. पूर्ण दिवसांच्या बाळास मागाहून झालेला संसर्ग सहसा बाधत नाहीं. तेव्हां भीतीनें अंगावरचें दूध तोडूं नये.

कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांत २०१९ पासून नवजात बालकांची या विषाणूसाठीं सरसकट चाळणी होते. आपल्याकडे तशी सरसकट व्यवस्था नाहीं. म्हणून घरच्यांनींच जागरूक असावें.

आमच्याच घरचें सांगतों. गेल्या वर्षीं नातवाची कानांची पहिली तपासणी नीट उतरली नाहीं. "सव्वा महिना होऊं दे, मग पाहूं," असें आम्हीच म्हणालों. सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी, बाळंतपणाचा सव्वा महिना खरा, पण या तपासणीचे दिवस एकवीसच." अठराव्या दिवशीं मूत्र तपासावयास गेलें. विषाणु आढळला नाहीं आणि पुढील तपासणींत कानही निर्दोष ठरले. आढळला असता, तरी हात बांधलेले नव्हते: लक्षणें असलेल्या बालकांपैकीं कांहींस डॉक्टर विषाणुरोधक औषध देतात, तें पहिल्या महिन्यांत सुरू झालेलें उत्तम, आणि इतरांचे कान वरचेवर तपासून वेळींच श्रवणयंत्र देतां येतें.

सोयर, बारसें सर्व यथासांग करावें. मात्र बाळाच्या कानांविषयीं शंका निघतांच डॉक्टरांस या तपासणीविषयीं त्याच दिवशीं विचारावें. आमच्या त्या विद्यार्थ्याविषयीं वेळेवर विचारणारें कोणी नव्हतें, आम्हीही नव्हतों.