कुंडीतली माती फेकायची नसते

उन्हाळी सुटीआधीचा हा शेवटचा अंक. सुटीचा गृहपाठ आणि पुढच्या कार्यक्रमांची माहिती इतर पानांवर आहेच. आम्ही आज मातीविषयी चार शब्द लिहिणार आहोत, तेही आपल्या शाळेच्या गच्चीवरच्या साठ कुंड्यांतल्या मातीविषयी.

गेल्या महिन्यात विश्वस्त मंडळापुढे खर्चाची जी यादी ठेवली गेली, तिच्यात एक ओळ होती: 'कुंड्यांसाठी नवी माती, एक ट्रॉली'. ही ओळ दरवर्षी असते आणि तिच्यावर दरवर्षी आमचीच सही असते. जुनी माती काढायची, मागच्या भिंतीपलीकडे टाकायची आणि नवी भरायची, असा शिरस्ता पडून गेला आहे. मागच्या पावसाळ्यात ती टाकलेली माती वाहून नालीत गेली, नाली तुंबली आणि सायकल स्टँडमध्ये घोटाभर पाणी साचले. आम्ही आधी चौकीदारावर रागावलो. मग लक्षात आले, चूक आमचीच होती. त्याच ढिगावर आपोआप उगवलेली टोमॅटोची दोन रोपे फुलावर आली होती. सहावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, ही माती तर आपण खराब म्हणून फेकली होती ना?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते आज देतो आहोत.

कुंडीतली माती वर्षभरात मरत नाही, थकते. पालापाचोळा आणि शेणखत कुजून संपते, म्हणून कुंडी वरून दोन-तीन बोटे रिकामी दिसू लागते. रोज पाणी घातल्याने नत्रासारखी अन्नद्रव्ये खालच्या भोकावाटे वाहून जातात. माती दबते, मुळांना हवा मिळत नाही. आपल्या माळव्याची काळी माती तर ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसून कुंडीचा काठ सोडते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते. बोअरचे पाणी जड असेल, तर वर पांढरी पापडी धरते, ती क्षारांची. हे सगळे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत. वाळूचे आणि चिकणमातीचे कण मात्र जागच्या जागीच असतात, आणि तेच घडायला निसर्गाला सर्वात जास्त वेळ लागतो. जमिनीवर इंचभर मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. आपली ट्रॉली ज्या शेतातून भरून येते, तिथली ती इंचभर माती आपण नालीत घालवतो, हा हिशेब यादीत कुठेच लिहिलेला नसतो.

हे आम्ही इंदूरकरांना सांगावे लागते, याचे वाईट वाटते. 1924 ते 1931 या काळात याच शहरात, होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर, अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताचे प्रयोग केले. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा, ढीग तीनदा उलथायचा. तीन महिन्यांत खत तयार. ही रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. 1931 साली शेतीतल्या टाकाऊ पदार्थांवर जे इंग्रजी पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. त्या जागेवर आज कृषी महाविद्यालय उभे आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्यात आपले शहर देशाला धडे देते, आणि आपल्याच शाळेत माती कचरा ठरते!

आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. 'मृदा' आणि 'ह्यूमस' आम्ही परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. पण घरी आई दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनातली माती खुरप्याने मोकळी करी, मूठ-दोन मुठी शेणखत मिसळी आणि तीच माती परत भरी. वृंदावनातली माती फेकायची, हा विचारही तिच्या मनात आला नसता. पुस्तकातला धडा घरातच गिरवला जात होता, आम्हाला तो दिसला नाही.

म्हणून आमचा प्रस्ताव असा. यंदा ट्रॉली मागवू नये. मे महिन्याचे कडक ऊन फुकट मिळते, ते वापरावे. माती कुंडीतून काढून ढेकळे फोडावीत, मुळ्या वेचाव्यात, वरची पांढरी पापडी खरवडून टाकावी. मग माती ओलसर करून गच्चीवर वीतभराहून पातळ थरात पसरावी, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा विटांनी दाबाव्यात. चार ते सहा आठवड्यांत उष्णतेने बरीचशी कीड, बुरशी आणि तणाचे बी मरते. काही उपकारक जीवही मरतात, म्हणून जूनमध्ये खत मिसळणे आवश्यकच. दोन तगारी जुनी माती, एक तगारी चांगले कुजलेले खत, अर्धी तगारी जाड रेती आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढे पुरे.

मात्र सगळीच माती डोळे मिटून परत वापरावी, असे आमचे म्हणणे नाही. ज्या कुंडीतले रोप रोगाने अचानक कोमेजून मेले किंवा ज्याच्या मुळांवर गाठी आढळल्या, ती माती भाजीला घेऊ नये. मुलांनी इथे एक फरक लक्षात ठेवावा. चवळी-गवारीच्या मुळांवरचे गोळे बोटाने सहज सुटतात, ते नत्र देणाऱ्या जिवाणूंचे घर आहे. टोमॅटो-वांग्याच्या मुळांवरच्या गाठी सुटत नाहीत, कारण मूळच सुजलेले असते; तो सूत्रकृमींचा रोग आहे. तसेच टोमॅटो, वांगे आणि मिरची एकाच कुळातली. गेल्या वर्षी ज्या कुंडीत टोमॅटो होते, तिथे यंदा गवार किंवा मेथी लावावी.

काही पालक म्हणतील, मुले शाळेत शिकायला येतात, माती चाळायला नाही. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. हातमोजे आणि साबण शाळा देईल, हातावर जखम असलेल्या मुलाला या कामात घेणार नाही, आणि उन्हातले काम सकाळी नऊच्या आत संपेल. पण विज्ञानाच्या पुस्तकातला मातीचा धडा हात न मळवता कळतो, हे आम्हाला आता पटत नाही. आम्ही तो तसाच शिकलो होतो, आणि त्याचा परिणाम वर्षानुवर्षे नालीत गेला.

विश्वस्तांना विनंती, यादीतली ती ओळ खोडून वाचलेल्या पैशांतून चार चाळण्या, खुरपी आणि खताचे दोन मोठे पिंप द्यावेत. कँटीनची फळभाज्यांची साले आणि मैदानातल्या कडुनिंबाचा पाला त्यांत जाईल. पालकांनीही सुटीत घरच्या दोन कुंड्यांवर हा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा. पुढच्या वर्षीच्या यादीवर सही करताना आम्हाला तिथे 'नवी माती' हे शब्द दिसू नयेत, एवढीच इच्छा आहे.