कुंपणच शेत खातं तेव्हा

आमच्या वस्तीतल्या गटातली एक मैत्रीण. वय २८. दोन वर्षं तिचे सांधे दुखत होते, केस गळत होते, उन्हात गेलं की गालांवर लाल चट्टे उठायचे. घरचे म्हणायचे, ‘कामाचा कंटाळा, दुसरं काय!’ डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मूत्रपिंडाला सूज आली तेव्हा कुठे निदान झालं : ल्युपस.

रोगजंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती या आजारात स्वतःच्याच शरीरावर उलटते. एरवी असं का होत नाही? छातीतल्या थायमस ग्रंथीत टी-पेशींची जणू परीक्षाच होते. आपल्याच शरीरावर चालून जाणाऱ्या बहुतेक पेशी तिथे बाद होतात. ज्या निसटतात त्यांना आवरणाऱ्या ‘नियामक’ पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्सपी-३ हे जनुक शोधलं. त्यात बिघाड झाला की हा आवर सुटतो. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

म्हणजे लढण्याइतकंच थांबणंही महत्त्वाचं. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून चूर्ण-काढे विकणारे हे सांगत नाहीत. ल्युपसमध्ये ती वाढवायची नसते, आवरायची असते.

ल्युपसच्या दर दहा रुग्णांमध्ये सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या. यात संप्रेरकांचा आणि एक्स गुणसूत्राचा वाटा आहे, असं संशोधन सांगतं. पण निदानाला उशीर होतो त्याचं खापर गुणसूत्रावर कसं फोडणार? बाई थकलेलीच असायची, असं आपण सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. रक्ताच्या तपासणीवर पैसे खर्च करायची वेळ आली की तिचा नंबर शेवटचा. निदान झाल्यावर ‘हिला मूल कसं होणार?’ म्हणत तिला माहेरी धाडलं जातं. खरं तर आजार काही महिने आटोक्यात असेल, तर वैद्यकीय देखरेखीखाली बाळंतपण होऊ शकतं. स्टेरॉइडने चेहरा सुजला म्हणून टोमणे मारले जातात, मग ती गोळ्या एकाएकी बंद करते. ते जिवावर बेतू शकतं.

मैत्रिणींनो, आरोग्य शिबिरांत आपण हिमोग्लोबिन तपासतो. त्याच वेळी सांधे, चट्टे, केस, ताप यांचीही विचारपूस करूया. कुंपण शेत खात असेल, तर राखणदाराने शेताला दोष देऊन कसं चालेल?