तिसऱ्या पिनेचा खून

आपल्याकडं गवयाला मान आहे, तबलजीला आहे, पेटीवाल्यालाही थोडाफार आहे. फार काय, 'हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणण्यापुरता माईकवाल्यालाही आहे. पण गाण्याच्या या पंगतीत एक बिचारी अशी आहे, की तिला ना पाट ना पान. ती म्हणजे प्लगची तिसरी पिन. जाड, लांब आणि आपल्या लोकांच्या मते साफ बिनकामाची.

मी तिचं वकीलपत्र घेतलं आहे. पात्रता विचाराल तर बी. कॉम. आणि बँकेतली कारकुनी. पण जमाखर्च जुळत नसेल तर माझ्या पोटात दुखतं, आणि हा मामला शेवटी जमाखर्चाचाच आहे.

आमचं वढू बुद्रुक शिरूर तालुक्यातलं. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळं सारा महाराष्ट्र या गावाला ओळखतो. ट्रान्झिस्टरच्या काळात गावातलं गाणं सेलवर चालायचं. सेल घातले, कान पिळला, की विविध भारती. वायरीचा प्रश्नच नव्हता. आता रांजणगावच्या एमआयडीसीत लागलेलं पोरगं पहिल्या बोनसात होम थिएटर आणतं. एक ॲम्प्लिफायर, पाच स्पीकर, कोपऱ्यात धपधपणारा एक डबा, शिवाय टीव्ही नि सेट टॉप बॉक्स. एवढ्या खटल्याला भिंतीवर सॉकेट एक! मग त्यात एक्स्टेन्शन बोर्ड, त्या बोर्डात दुसरा बोर्ड, आणि उरलेल्या भोकात वहिनींची इस्त्री. टेबलामागं डोकावलं तर कुणाच्या तरी शेवया सांडल्यात असं वाटतं.

माझ्या चुलतभावाकडं असाच थाट झाला. खटका दाबला आणि गाण्याच्या आधी आवाज आला, 'घूंऽऽऽ'. तंबोरा म्हणावा तर लावणारा कुणी दिसेना. भावानं परंपरेप्रमाणं बोर्डाला शिव्या घातल्या. (वीज मंडळाची २००५ साली विभागणी होऊन महावितरण आली; शिव्या मात्र अजून जुन्याच पत्त्यावर जातात.) मग तज्ज्ञ आले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली आणि म्हणाले, "काय नाय साहेब, अर्थिंगचा लोचा हाय. तिसरी पिन उडवू." थ्री-पिन प्लग छाटला, टू-पिन बसवला. हिरवी वायर शेपटीसारखी लोंबत राहिली.

घूं बंद! भाऊ म्हणाला, "बघ दादा, शंभर रुपयांत काम."

इथंच माझं भांडण आहे. हा उपाय लागू पडत नसता, तर मी लेखणी उचललीच नसती. तो लागू पडतो, म्हणून तर घरोघरी हा खून पचतो.

वाचकहो, ही घूं म्हणजे भुताटकी नव्हे. ॲम्प्लिफायर एका सॉकेटातून जमिनीशी जोडलेला असतो. टीव्ही दुसऱ्या सॉकेटातून, नाहीतर केबलवाल्याच्या वायरीतून, निराळ्या ठिकाणी जमिनीला भेटतो. मग दोघांच्या मध्ये आपण आवाजाची वायर लावतो आणि एक कडं पुरं होतं. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाणारी. त्यातला चोरटा प्रवाह या कड्यात फिरत बसतो. ॲम्प्लिफायर बिचारा प्रामाणिक. त्याला वाटतं, हेच गाणं. तो ते मोठं करून ऐकवतो.

यावर उपाय सगळे निरुपद्रवी आहेत. सगळी यंत्रं एकाच चांगल्या बोर्डावर घ्या, म्हणजे सगळ्यांचं अर्थिंग एकाच जागी होईल. तरी घूं राहिली तर केबलवाल्याची वायर काढून पाहा. ती काढल्यावर थांबली, तर चोर सापडला. तिथं आयसोलेटर लावा. विजेची वायर नि आवाजाची वायर यांच्यात वीतभर अंतर ठेवा. गाठ पडलीच तर काटकोनात पडू द्या. व्याह्यांसारखं. भेटावं जरूर, पण गळ्यात गळा घालून मुक्कामाला राहू नये. आणि त्या इस्त्रीला दुसरीकडं जागा द्या. एकटी हजार वॅटची इस्त्री चार अँपिअरच्या वर खाते.

आता पिनेकडं वळू. फेजनं जेवढी वीज आत गेली, तेवढी न्यूट्रलनं परत आली पाहिजे. नावे आणि जमा. आतली वायर सोलून पत्र्याच्या डब्याला टेकली, की हिशेब फुटतो. तिसरी पिन असेल तर ती रक्कम मुकाट्यानं जमिनीत जाते, आणि अर्थिंग धड असेल तर फ्यूजही उडतो. पिन नसेल तर २३० व्होल्ट डब्यावर दबा धरून बसतात आणि वसुली करतात आवाज वाढवायला आलेल्या पहिल्या हाताकडून. ही पिन लांब केली आहे ती उगाच नव्हे. सॉकेटात आधी तिनं शिरावं आणि शेवटी तिनं निघावं. घरातल्या म्हातारीसारखं, दार उघडायला पहिली, दिवा मालवायला शेवटची.

"फ्यूज आहे की!" असं म्हणणारे भेटतात. अहो, ६ अँपिअरचा फ्यूज म्हणजे ६,००० मिलिअँपिअर. माणसाचा हात १० मिलिअँपिअरच्या पुढंमागं आखडतो आणि सुटत नाही. फ्यूज वायरीला जपतो, तुम्हाला नाही. तुम्हाला जपणारा आरसीसीबी. तो हाडाचा कॅशियर आहे. गेलेलं नि आलेलं सतत ताडून पाहतो, ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की काउंटर बंद. पण तो बसवला म्हणून पिनेला रजा देऊ नये. कॅशियर आहे म्हणून तिजोरीचं दार कुणी उघडं टाकत नाही.

काही यंत्रांना कंपनीच दोन पिना देते. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, आतलं आवरण दुहेरी असतं. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तीन दिल्या असतील, तर तिसरी छाटणारे आपण कोण?

खरा संताप पुढंच आहे. हाच भाऊ दुकानातून सोन्याच्या मुलाम्याची वायर घेऊन आला. किंमत विचारली तर वहिनींसमोर सांगेना. सोन्यानं टोक गंजत नाही, एवढंच. दहा-पंधरा फुटांवरच्या स्पीकरला दीड एमएमची साधी तांब्याची वायर पुरते. स्पीकरच्या वायरीला सोनं, आणि जिवाच्या वायरीला पक्कड! अर्थिंगचा खड्डा, त्यातला कोळसा नि मीठ, उन्हाळ्यात ओतायचं बादलीभर पाणी, यांचा खर्च काढला की मात्र घर काटकसरीचं होतं. तो खड्डा पाहुण्यांना दाखवता येत नाही, हाच काय तो त्याचा दोष.

तेव्हा जोवर अंगणात तो खड्डा आणि प्लगला ती पिन नाही, तोवर घरात होम थिएटर नको, असं माझं स्पष्ट मत आहे. गाणं ऐकताना अंगावर काटा यावा, हे मलाही मान्य आहे. पण तो गाण्यानं यावा.