पित्ताच्या गोळीवर वर्षं काढू नका

जळगाव-धुळे जिल्ह्यांतल्या ज्या माणसांची सकाळ महिनोन्‌महिने पित्ताच्या गोळीशिवाय सुरू होत नाही, त्या सर्वांना कळकळीची विनंती आहे: पोटाची तपासणी करून घ्या, आणि ती पुढे ढकलू नका.

‘पोटमा आग पडस’ म्हटलं की आपण शेवभाजीला आणि ठेच्याला दोष देतो. तिखटानं त्रास वाढतो, हे खरं. पण जठराच्या अस्तरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू अल्सरचं मोठं कारण आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी तो शोधला. लोक मानेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन दाखवला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. तरी आपण अजून खायच्या सोड्यावर भागवतो, याचं फार वाईट वाटतं.

हा जिवाणू बहुधा लहानपणीच घरच्यांकडून किंवा दूषित अन्नपाण्यातून शिरतो. टँकरचं साठवलेलं पाणी उकळूनच प्या. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. पण काहींच्या जठरात व्रण होतो आणि थोड्यांना कर्करोगही होतो. कापूस वेचून, केळीचे घड वाहून कंबर धरते म्हणून रोज दुखण्याची गोळी घेणाऱ्यांनी तर अधिकच जपावं, कारण त्या गोळीनंही जठरात व्रण होऊ शकतो.

तपासणी शौचाची किंवा श्वासाची असते, गरज पडल्यास दुर्बिणीची. पित्ताची गोळी चालू असली तर जिवाणू असूनही तो तपासणीत निसटू शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारून ती दोन आठवडे आधी थांबवा. उपचार साधारण १४ दिवसांचा. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका. अर्धवट उपचारानं जिवाणू निर्ढावतो, आणि भारतात काही औषधांना तो आधीच दाद देईनासा झाला आहे. मेडिकलवाल्या बंधूंनो, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकची पट्टी देऊ नका.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, विनाकारण घटणारं वजन, यातलं काहीही दिसलं तर एक दिवसही घरी थांबू नका. जवळचं सरकारी रुग्णालय, जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे लवकर गाठता येईल ते गाठा.