ग्रुपवर आधार घ्या, डोस नको!

रात्रीचे दोन. शुगर ५५. मेस बंद, रूममेट गाढ झोपेत, आई-बाबा गावी. टाइप १ डायबेटिस असलेला, तुमच्याच वयाचा एखादा मुलगा अशा वेळी ग्रुपवर टाकतो, 'कुणी जागं आहे का?' मिनिटभरात रिप्लाय येतो, 'तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून पी. १५ मिनिटांनी परत चेक कर. तोवर मी आहे इथे.'

टाइप १ गोड खाल्ल्यामुळे होत नाही. शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही, म्हणून ते रोज, आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं. डॉक्टर भेटणार काही महिन्यांनी, तेही थोडाच वेळ. मधले दिवस आपले आपणच काढायचे. ग्रुप हवा असतो तो इथेच.

आणि ग्रुप फक्त धीर देतो असं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन कॉस्टिक यांनी मुलाच्या ग्लुकोज सेन्सरचं रीडिंग लांबूनही दिसेल अशी सोय स्वतःच केली आणि ट्विटरवर सांगितली. प्रोग्रॅमिंग येणारे इतर पालक जोडले गेले, त्यातून 'नाइटस्काउट' हा सगळ्यांसाठी मोफत खुला प्रकल्प उभा राहिला. कंपन्यांची वाट न बघता!

आता दुसरी बाजू. त्याच ग्रुपवर सकाळी मेसेज पडतो : 'हे चूर्ण घ्या, इन्सुलिन सोडा.' टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद केलं, तर काही दिवसांतच जीव जाऊ शकतो. डायबेटिस बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण कुणा काकांनी काळजीपोटी केलेला फॉरवर्ड जाहिरात थोडाच ठरतो? व्हॉट्सअॅपवरचे मेसेज एन्क्रिप्टेड, कंपनीलाही वाचता येत नाहीत. मग चाळणी लावणार कोण? अॅडमिन आणि आपणच.

म्हणून नियम साधा ठेवा. अनुभव, धीर, जवळ इन्सुलिन कुठे मिळेल, हे ग्रुपवर विचारा. डोस किती, औषध बंद करू का, हे फक्त डॉक्टरांना. रिपोर्टचा फोटो टाकताना नाव झाका; स्क्रीनशॉट कुठे पोचेल सांगता येत नाही.

आणि तुम्हाला डायबेटिस नसेल, तर? मित्राची साखर कुठे ठेवलीय, तेवढं आजच विचारून ठेवा. ग्रुप कितीही जागा असला, तरी तो दार उघडून आत येऊ शकत नाही. रूममेट येऊ शकतो.