इंजिनावरचा शिक्का

गेल्या पावसाळ्यात पेडण्याच्या एका परिचित घरी आम्ही गेलो असता काकूंनी मांगराचे दार उघडून गोणपाटाखालचे एक इंजिन दाखविले. पोर्तुगीज अमदानीत घेतलेल्या मोटारसायकलीचे एवढेच काय ते उरले होते. हे शर्यतीचे बीएसए गोल्ड स्टार, असे यजमान अखेरपर्यंत सांगत. आता एका गिऱ्हाइकाने भली किंमत देऊ केली होती. ‘तुम्ही एकदा पाहा,’ एवढेच काकूंचे म्हणणे.

या नावामागे एक हकिगत आहे. इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर स्पर्धेत ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी मारणाऱ्या स्वारास सोन्याची तारका मिळे. १९३७ साली वॉल हँडली याने बीएसएवर ती मिळविली आणि कारखान्याने तेच नाव गाडीला दिले.

नवख्याची फसगत होते ती मोजमापात. सिलिंडरचा व्यास ८५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८८. पण पाचशेच्या गोल्ड स्टारचे आणि साध्या बी ३३चे हे आकडे अगदी एकच! म्हणून आम्ही खिशातले लोहचुंबक काढले. ते सिलिंडरच्या बाहेरच्या फिन्सना घट्ट चिकटले. गोल्ड स्टारचे सिलिंडर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, आणि पुशरॉडचा मार्ग त्यातच ओतलेला. येथे बीड, आणि पुशरॉडची नळी निराळी.

राहता राहिला क्रँककेसवरचा शिक्का. त्यावर तारेचा ब्रश वा पॉलिशकागद कदापि चालवू नये. रॉकेलचा बोळा आणि बांबूची काडी यांनी मळ निघाला. अक्षरे दिसली ती बीबी ३३. गोल्ड स्टारवर डीबीडी ३४ जीएस यांसारखी अक्षरे असतात. (नवे आकडे ठोकून साध्याचे शर्यतीचे करणारे महाभागही आहेत, ती जागा खरवडलेली दिसली की आम्हांस आधी संशय येतो.)

सांगावे कसे, म्हणून आम्ही घुटमळलो, मग सांगितले. काकू क्षणभर गप्प राहिल्या. म्हणाल्या, “म्हणजे आता कोणी नेणार नाही ना? चालू होईल का, तेवढे सांगा.”

पिस्टन गंजून जखडला होता. हातोडा न उचलता आठ दिवस रॉकेल आणि तेल जिरविले, तेव्हा तो हलला. खाणींच्या ट्रकांवर हात बसलेल्या डिचोलीच्या एका लेथवाल्याने सिलिंडर मोजून मोठ्या मापाचा पिस्टन आणावयास सांगितले; आटे इंग्रजी मापाचे आहेत, मिलिमीटरचा बोल्ट चुकूनही घालू नका, असेही दटावले. पिस्टनचा शोध चालू आहे.