पेशी तीच, माती वेगळी

कोल्हापुरातल्या जुन्या तालमीत वस्तादाचे लक्ष आधी हौद्यातल्या मातीवर असते. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडते, ती रोज उकरली जाते, तेव्हा कुठे ती अंगाला लागण्याजोगी होते. मल्ल तोच असला तरी घट्ट बसलेल्या मातीवर त्याला कोणी उतरवत नाही. मूलपेशींचे, म्हणजे स्टेम सेलचेही असेच आहे. पण त्यांच्या नावाने होणाऱ्या जाहिरातींत पेशीचे गुणगान असते, मातीचा उल्लेख नसतो.

मूलपेशीने पुढे काय व्हायचे, हे तिला मिळणारी रसायने ठरवतात, असे पूर्वी मानले जाई. २००६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून 'सेल' या नियतकालिकात एक निबंध आला. डेनिस डिशर, ॲडम एंगलर आणि सध्या पवईच्या आयआयटीत प्राध्यापक असलेले शमिक सेन हे त्याच्या लेखकांपैकी. त्यांनी पॉलिॲक्रिलामाइडचे कमी-जास्त कडक थर तयार केले, सगळ्यांवर कोलॅजेनचा तोच लेप दिला आणि अस्थिमज्जेतल्या मूलपेशी सोडल्या. मेंदूइतक्या मऊ, साधारण १ किलोपास्कलच्या थरावर पेशींना चेतापेशींसारख्या फांद्या फुटल्या. १० किलोपास्कलच्या आसपास त्या स्नायूकडे झुकल्या, तर २५ ते ४० ला हाडाकडे. 'झुकल्या' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. खुणा दिसल्या, याचा अर्थ कामाची चेतापेशी किंवा कामाचा स्नायू तयार झाला असा नाही.

पेशीला कडकपणा कळतो कसा? ती ओढून पाहते. तिच्या आवरणात इंटेग्रिन नावाची प्रथिने असतात, ती खालच्या थराला पकडतात. आत मायोसिन, म्हणजे आपला दंड आवळणाऱ्या प्रथिनाचेच भावंड, दोर खेचते. जमीन मऊ असली तर ती ओढीबरोबर सरकते. कडक असली की ताण वाढतो, पेशी पसरते आणि हा ताण केंद्रकातल्या जनुकांपर्यंत पोचतो. मायोसिनचे काम औषधाने थांबवले, तेव्हा पेशींना मऊ-कडक यातला फरक कळेनासा झाला.

मात्र पकडायला काही हवेच. पॉलिॲक्रिलामाइडला पेशी चिकटत नाहीत, म्हणून तर तो कोलॅजेनचा लेप. प्रयोगशाळेतल्या पॉलिस्टायरिनच्या बशीचा पृष्ठभागही मुळात पाणी झटकणारा. त्यावर प्लाझ्माची प्रक्रिया केली की ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात, त्यांवर फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिने नीट बसतात आणि मग पेशी पाय रोवते. २०१२ मध्ये एका युरोपीय गटाने दावा केला की खरा फरक कडकपणाचा नव्हे, तर कोलॅजेन थराला किती घट्ट बांधले आहे याचा. २०१४ मध्ये एंगलर यांच्या गटाने तो खोडून काढणारे प्रयोग मांडले. इतक्या मूलभूत प्रश्नावर जाणकारांत वाद व्हावा आणि गल्लीतल्या फलकावर मात्र 'खात्रीशीर गुण' लिहिलेला असावा, हे विचित्रच.

इंजेक्शनसाठी पेशी वाढवतात त्या बहुधा प्लास्टिकच्या बशीत, आणि हे प्लास्टिक मेंदूपेक्षा लाखो पटींनी कडक असते. अशा बशीत जास्त दिवस राहिलेल्या पेशी मऊ थरावर नेल्या तरी जुना कडकपणा विसरत नाहीत, असे कोलोरॅडोतील क्रिस्टी अँसेथ यांच्या प्रयोगशाळेने २०१४ मध्ये दाखवले. पुढे ही पेशी जाते कुठे? हृदयविकाराच्या झटक्यानंतरचा व्रण निरोगी हृदयस्नायूपेक्षा कितीतरी कडक असतो. जर्मनीतील बॉनच्या संशोधकांनी झटका आलेल्या उंदरांच्या हृदयात अस्थिमज्जेतल्या पेशी सोडल्या, तेव्हा काहींच्या हृदयात चुनखडीच्या, हाडासारख्या गाठी आढळल्या. ही गोष्ट २००७ ची. दोष केवळ कडकपणाचा होता, हे यातून सिद्ध होत नाही. पण 'आपल्याच पेशी आहेत, अपाय कसला?' या वाक्यातली हवा मात्र यामुळे निघते.

मग रक्ताच्या कर्करोगात आणि थॅलेसेमियात मूलपेशींचे रोपण यशस्वी कसे होते? तिथे पेशी शिरेतून दिल्या तरी त्या अस्थिमज्जेचा पत्ता शोधून आपल्याच घरी जाऊन बसतात. माती त्यांच्या ओळखीची असते. गुडघा, पाठीचा कणा किंवा मेंदूला इजा झालेले मूल, इथे तसे तयार घर नाही. ते बांधण्याचे कामच तर जैवसामग्रीचे अभ्यासक करत आहेत. कसबा बावड्यातल्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठातही मूलपेशींचा स्वतंत्र विभाग आहे. हे काम सावकाश चालते आणि सावकाशच चालायला हवे.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे आजार आणि त्यांसारख्या मोजक्या मान्य उपचारांपलीकडे मूलपेशींचा वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो. लेकरासाठी उसाचे रान विकायला निघालेल्या बापाने सही करण्याआधी त्या चाचणीचा नोंदणी क्रमांक लेखी मागावा. पेशी कोणत्या, कशावर वाढवल्या, हेही विचारावे. आणि चाचणीतल्या रुग्णाकडून प्रयोगाचे पैसे घ्यायचे नसतात, हे त्याला कोणीतरी आधीच सांगायला हवे.